रविवारची फोटोफेरी : मॉल आणि बाजार

सर्व सभासदांसाठी सूचना.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मॉलच्या मुख्य दारापाशी जमायचं आहे. साडेअकराला तिथून शेजारच्या खुल्या बाजारात जाऊ. विषय : खरेदीला आलेली माणसं, पोझ न देता. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव द्यावं.

मॉलमध्ये कुणीही जाऊ शकतं, पण जागा खासगी मालकीची असते. म्हणून व्यवस्थापनाची परवानगी आधीच घेतली आहे. ट्रायपॉड आणि फ्लॅश मात्र चालणार नाही. तरीही सुरक्षारक्षकाने हटकलंच, तर हुज्जत न घालता कॅमेरा खाली करा आणि मला बोलवा.

- लहान मुलांचे फोटो पालकांना विचारूनच.
- ट्रायल रूमच्या आसपास किंवा सरकत्या जिन्याखालून एकही फोटो नको. इथे कुठलीही सबब ऐकली जाणार नाही.
- कुणी 'काढून टाका' म्हटलं, तर त्यांच्यासमोर डिलीट करा. कायदा काय म्हणतो ते तिथे सांगत बसू नका.

लांबून झूम लावून टिपणं मला तरी चोरटं वाटतं. शक्यतो ३५ मिमी लेन्स आणा, म्हणजे माणसांच्या जवळ जावंच लागेल. दोन्ही हातांत पिशव्या म्हणून दातांत धरलेली पावती, घासाघीस करताना उंचावलेली भुवई, हे चार पावलांवरूनच दिसतं. दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले, तर वीज ५० हर्ट्झची असल्यास शटरचा वेग १/१०० सेकंदावर ठेवून बघा.

बुधवारपर्यंत प्रत्येकी फक्त ५ फोटो पाठवा. निवड तुम्हीच करायची.