बाकी ती बाकी, गोळी ती गोळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा बेळगावच्या रविवार पेठेत गेलो होतो. ज्या दुकानातून मी वीस वर्षं लिमलेटच्या गोळ्यांची पाकिटं नेली, तिथल्या गल्ल्यावरच्या बरण्या हलवल्या होत्या. त्या जागी मोबाइलने पैसे भरायचा फलक. मालक म्हणाले, "आता सुट्ट्याचा प्रश्नच राहिला नाही, मग गोळी द्यायची कुणाला?" तेव्हाच ठरवलं, हे पत्र लिहायचं.

मी बस वाहक होतो. बेळगाव-सावंतवाडी गाडीवर बरीच वर्षं काढली. बाची सुटलं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो, पुढं पाटणे फाटा, मग आंबोलीचा घाट. चार आण्यांचं नाणं ३० जून २०११ पासून चालेनासं झालं, त्याच्या आधीपासूनच सुट्ट्यांची ओरड होती. तरी मी एकाही प्रवाशाला बाकीच्या बदली गोळी दिली नाही. बाकी तिकिटामागं लिहायची आणि उतरताना चुकती करायची. गोळी द्यायची ती वेगळी, आपल्या खिशातून.

घाटात पोरांना गाडी लागते. आई खिडकी उघडते, पोर पांढरं पडतं. आंबट गोळी तोंडात गेली की त्याचं लक्ष वळणांवरून जिभेवर येतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. मराठी पोर "मामा, गोळी" म्हणायचं, कन्नड पोर "पेपरमेंट". मागणं एकच. मात्र तीन-चार वर्षांच्या आतल्या लेकराला कडक गोळी कधी दिली नाही. धक्का बसला तर घशात अडकते. आणि कागद परत मागून घ्यायचो, घाटात फेकू द्यायचो नाही.

पावसाळ्यात आंबोलीला पोचेपर्यंत सुट्या गोळ्या एकमेकींना चिकटायच्या. संकेश्वरकडं साखर कारखान्यात असलेल्या माझ्या मेहुण्यानं कारण सांगितलं: पाक दीडशे अंशांच्या आसपास चढवतात, पाणी जवळजवळ सगळं उडतं, म्हणून गोळी काचेसारखी होते आणि म्हणूनच हवेतली ओल ओढून घेते. तेव्हापासून मी पिळाच्या कागदातल्याच घेऊ लागलो. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावचं पान पसंद असायचं, कधी कर्नाटकातल्या पुत्तूरच्या कॅम्पकोचं चॉकलेट. दोन्ही राज्यं एकाच खिशात. रावळगावच्या गोळ्यांची नावं २०२४ साली रिलायन्सनं २७ कोटींना घेतली, असं वाचलं. चव तीच ठेवावी, एवढीच इच्छा.

पण एक दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही. परतीच्या फेरीत, दाणोली सोडून घाट चढत होतो. आमच्या चालकांना मधुमेह होता आणि त्या दिवशी जेवण हुकलेलं. गाडी जरा डगमगली. पुढं जाऊन पाहतो तर कपाळावर घाम, हात थरथरतायत. "शुगर कडिमी आगेती," साखर कमी झालीय, एवढंच कन्नडमधून म्हणाले. गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला. पाच गोळ्या चावून खायला लावल्या आणि घड्याळ बघत उभा राहिलो. पंधरा-वीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. कुणाच्या तरी डब्यातली पोळी खाल्ली, पुरते सावरले, मगच गाडी हलली. बेचाळीस माणसं होती आत. नंतर डॉक्टरांनीही सांगितलं, अशा वेळी साधी साखर आधी, बाकी सगळं मागाहून.

साखर वाईट, दात किडतात, हे मला ठाऊक आहे. माझी सून डब्यात गोळी ठेवत नाही, तेही बरोबर. पण रोज मूठभर खाणं वेगळं आणि अनोळखी पोराच्या हातावर एक ठेवणं वेगळं. संक्रांतीला आम्ही तिळगुळ देतो, शेजारचे कन्नड लोक एळ्ळू-बेल्ला, म्हणजे तीळ-गूळच, देतात. दोघंही गोड बोलायलाच सांगतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी आमच्याकडं गोळी होती.

दुकानदारांना विनंती, बरणी परत गल्ल्यावर आणा. आणि घाटाच्या गाड्यांवरच्या नव्या वाहकांनो, आता यंत्रातून तिकीट निघतं, सुट्ट्यांचं ओझं कमी झालंय, खिसा मोकळा आहे. दहा गोळ्या ठेवा, पिळाच्या कागदातल्या. पुढच्या बाकावरचं पोर खिडकीकडं सरकताना दिसलं की पाटणे फाट्यालाच द्या. घाटात उशीर होतो.

आपला,
एक निवृत्त बस वाहक, वडगाव, बेळगाव