शनिवारच्या साबणवर्गासाठी सूचना

मैत्रिणींनो, येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता आपल्या हॉलमध्ये दिवाळीचे साबण करायला जमायचं आहे. सोप बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) आणि सिलिकॉनचे साचे बोहरी आळीतून आणून झालेत. येताना सुरी आणि एक जुनं पातेलं आणा. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही, त्यामुळे सासूबाईंचं उचलून आणू नका!

मागच्या वेळी घाईत बेस थेट गॅसवर ठेवला आणि तो उकळला. साबण चिवट झाले. या वेळी बारीक तुकडे करून, उकळत्या पाण्यावर वाडगा ठेवूनच वितळवायचं. ६०-६५ अंशांना तो पातळ होतो. सुगंध एक किलोला २० मिलीच्या वर नको, नाहीतर अंगाला खाज सुटते. मेणबत्तीचा सुगंध चालणार नाही, त्वचेला चालणाराच हवा.

खायचे रंग शेजारच्या थरात उतरतात, म्हणून मायका (अभ्रकाची रंगीत पूड) घेतलाय. गुलाबाच्या पाकळ्यांचा मोह आवरा, काही दिवसांत तपकिरी पडतात. बुडबुडे घालवायला आणि थर चिकटायला आयसोप्रोपिल अल्कोहोल (सॅनिटायझरमध्ये असतं ते) शिंपडू, पण ते चटकन पेटतं, म्हणून गॅस बंद करूनच.

बेसमधलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा साच्यातून निघालेला साबण लगेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळायचा. मोदकाच्या साच्यातल्या साबणांवर ‘साबण’ अशी चिठ्ठी लावाच. गेल्या वर्षी आमच्याकडे एका पाहुण्यांनी चावून पाहिला होता.

नावं गुरुवारपर्यंत कळवा.