आषाढीच्या महिन्याशी तुलना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, क्वांटम संगणकावरच्या माझ्या सहा महिन्यांच्या कामाला एका साध्या लॅपटॉपनं चाळीस मिनिटांत हरवलं," आणि मग बराच वेळ काही बोललीच नाहीस. आई मागून खुणा करत होती, जेवली का विचारा. मी जेवणाचं विचारलं आणि फोन ठेवला. सांगायचं दुसरंच होतं. ते तोंडी जमलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुझ्या गटातला तो मुलगा म्हणाला ना, की तुझ्या पद्धतीची तुलना एखाद्या कमजोर पद्धतीशीच दाखव, आलेख छान दिसेल? त्यावरून मला आगारातले आबा आठवले.

मी एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून नवा होतो. ड्युट्या लावायचं काम आबांकडे. त्याला आम्ही अलोकेशन म्हणायचो. त्यालाच ऑप्टिमायझेशन, म्हणजे अनेक तऱ्हांतली सर्वांत सोयीची शोधणं, म्हणतात हे मला निवृत्तीच्या तोंडावर तुझ्याकडून कळलं. बामणोलीची मुक्कामी गाडी नेली त्याला परत आल्याबरोबर लांब पल्ल्यावर धाडता येत नाही, घाटात नवखा चालक चालत नाही, अमक्या चालकाचं तमक्या वाहकाशी पटत नाही, कुणाच्या घरी लग्न. दहा चालक दहा ड्युट्यांवर लावायचे तर ३६,२८,८०० तऱ्हा होतात. वीस झाले की दोनावर अठरा शून्यं. नुसत्या वाटपाचं गणित एका युक्तीनं झटकन सुटतं, हे तू मला दाखवलंयस. पण विश्रांतीचे तास, मुक्काम आणि रजा आत शिरल्या की गाठ बसते. आबा ती पेन्सिल, खोडरबर आणि तंबाखू एवढ्यावर सोडवायचे.

मला वाटलं, याहून बरं मी करीन. रात्री बसून नवा चार्ट केला आणि साहेबांपुढे ठेवला: रिकाम्या धावा कमी, ओव्हरटाइम कमी. शाबासकीचं पत्र मिळालं. आता खरं सांगतो. मी तुलना केली होती ती आबांच्या आषाढीच्या महिन्याशी. पंढरपूरच्या जादा गाड्यांनी त्या महिन्यात ओव्हरटाइम कुठल्या कुठं जातो, हे कॅन्टीनच्या पोऱ्यालाही ठाऊक होतं. साहेब नुकतेच बदलून आले होते. आबा तिथंच उभे होते, एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी दोन चहा सांगितले आणि म्हणाले, "पौषाशी लावून बघितलंस का रे?"

बघितलं होतं. पौषात त्यांचाच चार्ट सरस होता.

तुझ्या क्षेत्राबद्दल तू पाठवतेस ते मी सावकाश का होईना, वाचतो. त्यात आषाढीचे महिने बरेच दिसतात. वर्तमानपत्रं अजून छापतात की क्वांटम संगणक सगळे रस्ते एकदम तपासतो. माझी ती समजूत तूच मोडलीस: मोजायला गेलं की हाती एकच उत्तर लागतं. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतील आणि बरोबरची चढेल, अशी रचना साधली तरच फायदा. ग्रोव्हर नावाच्या संशोधकाच्या १९९६ च्या क्वांटम पद्धतीनं एक कोटी नोंदींतली एक शोधायला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्या पुरतात, हे ऐकून मी थक्क झालो होतो. त्यातली एकेक फेरी आजच्या यंत्रावर किती सावकाश आणि किती चुकत होते, हे जाहिरातीत नसतं.

लिस्बनच्या बसगाड्यांची बातमी तर मी दोनदा वाचली, बसगाड्या म्हटल्यावर वाचणारच. नोव्हेंबर २०१९ मध्ये फोक्सवॅगननं डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम यंत्राला विचारून तिथं बस चालवल्या. किती? नऊ. आमच्या आगारातून सकाळी सहाच्या आत याहून जास्त गाड्या सुटायच्या. चेष्टा नाही करत, रस्त्यावर खरी गाडी उतरवली याचं मला कौतुकच आहे. पण नऊ गाड्यांचं गणित साध्या संगणकाला कितपत जड गेलं असतं, हे आबांनी पहिल्यांदा विचारलं असतं.

आणि समोरचा, म्हणजे साधा संगणकही थांबून राहत नाही गं. २०१४ मध्ये फार्ही नावाचे संशोधक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, क्वांटम संगणकावर ऑप्टिमायझेशन करायची तुझी ती क्यूएओए पद्धत काढली. एका प्रकारच्या प्रश्नात ती साध्या संगणकाच्या तेव्हाच्या पद्धतींच्या पुढे आहे असं त्यांनी दाखवलं, आणि वर्ष सरायच्या आत दहा जणांनी मिळून साधीच पद्धत आणखी पुढे नेली. २०१८ मध्ये अठरा वर्षांच्या एविन टँग यांनी, ग्राहकाला काय आवडेल ते सुचवण्याच्या क्वांटम पद्धतीतलीच युक्ती उचलून साध्या संगणकाला शिकवली. खरं तर त्या निघाल्या होत्या साध्या संगणकाला हे जमणार नाही असं सिद्ध करायला! आपल्या नरेंद्र करमरकरांचंही बघ. १९८४ मध्ये त्यांनी बेल लॅब्जमध्ये ऑप्टिमायझेशनची नवी पद्धत काढली, न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. मग १९४७ पासूनच्या सिम्प्लेक्स नावाच्या जुन्या पद्धतीवाल्यांनीही कंबर कसली आणि तीसुद्धा भराभर सुधारली. आज दोन्ही वापरात आहेत. करमरकर यात हरले असं कुणी म्हणतं का?

तुला ज्यानं हरवलं ती तर १९८३ पासूनची पद्धत, लोखंड तापवून हळूहळू निववावं तशी उत्तर शोधणारी. चाळीस वर्षं लोकांनी ती घासून लखलखीत केलीय. तिच्यापुढे तुझं सर्किट, म्हणजे क्वांटम यंत्रावर चालणारी तुझी मांडणी, म्हणजे शिकाऊ परवान्यावरचा चालक.

एआयचं लग्न क्वांटमशी लावायला निघालेल्यांबद्दलही मला थोडी शंका आहे. सर्किट मोठं केलं की बरेचदा शिकण्याचा उतारच सपाट होतो, कुठल्या बाजूनं सुधारायचं तेच कळत नाही. त्याला तुम्ही बॅरन प्लॅटू, म्हणजे ओसाड पठार, म्हणता. मला धुक्यातलं कासचं पठार डोळ्यांपुढे आलं: गाडी उभी आहे आणि बामणोलीचा उतार कुठल्या अंगाला तेच कळत नाही. मला वाटतं हे स्थळ उलट बाजूनं आधी जुळेल. क्वांटम येऊन एआयला पळवील तेव्हा पळवील, तोवर एआयच क्वांटमची धुणीभांडी करील. गूगल डीपमाइंडचं २०२४ चं अल्फाक्यूबिट तेच करतं, क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाच्या, चुका हुडकतं. चालत्या यंत्राच्या वेगाला ते तेव्हा पुरत नव्हतं, हेही त्यांनीच लिहून टाकलं. ते वाचून मला बरं वाटलं.

आबा दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले. माझा चार्ट वर्षभर चालला, मग मीच गुपचूप त्यांचा परत लावला. कुणाच्या लक्षात आलं नाही. शाबासकीचं पत्र लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. आईला यातलं काही माहीत नाही, तूही सांगू नकोस.

तुझा तक्ता मला पाठव, लॅपटॉपचा रकाना असलेला. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा अक्षर मोठं ठेव. आणि दिवाळीचं आरक्षण लवकर बघ, मागच्या खेपेसारखं वेटिंगवर लटकू नकोस.

तुझे
बाबा