आधी तुम्हालाच सांगतेय

मँचेस्टर, २३ जून

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनच करणार होते. पण फोनवर आप्पा "बरं" म्हणतात आणि लगेच आईकडे देतात, आणि आईच्या मागे अख्खं घर कान देऊन उभं. ही गोष्ट आधी तुम्ही दोघांनीच निवांत वाचावी, म्हणून पत्र.

दिवाळीत आईला ज्या राजापूरच्या मुलाबद्दल बोलले होते, त्यानं शनिवारी मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं.

आम्ही ऑफिसातले सहा जण विंडरमेअरला गेलो होतो. इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं तळं, लांबी सतरा-अठरा किलोमीटर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशात आजी दुपारी दारं लावून घेते. इथली माणसं वर्षभर उन्हाची वाट बघतात आणि ते पडलं की घरात थांबत नाहीत. बाकीचे चौघे बोटीत बसायला गेले. आम्ही दोघं स्टेशनसमोरच्या ऑरेस्ट हेड नावाच्या टेकडीवर चढलो. फार उंच नाही, साधारण २४० मीटर, पण वरून सगळं तळं दिसतं. मला पद्मालयाचं तळं आठवलं. तिथं कमळं असतात, इथं पांढरी शिडं होती.

आई, तू पाठवलेले ज्वारीचे बिबडे नेले होते, भाजलेले शेंगदाणे लावून खात बसलो होतो. आधी बोलता बोलता तो गप्प झाला. मग खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या टोकाला गाठ होती, आणि ती त्याला सोडवेना, हात इतके थरथरत होते. शेवटी मीच सोडवली. आत त्याच्या आजीची अंगठी होती, वापरून वापरून एका बाजूनं तारेसारखी बारीक झालेली. तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील का? आत्ताच सांग असं नाही. विचार करून सांग."

मला तेव्हा आपल्या घरावरचं मातीचं धाबं आठवलं, आई. मी दहावीला होते. पहाटे चारला तू आणि काकू बिबड्यांचं पीठ शिजवून वर आणायचात, ओल्या फडक्यावर थापायचात, आणि उन्हं वर यायच्या आत सगळं आटपायचं. त्या दिवशी काकूनं तुझ्या लग्नाचं काढलं. तू हात न थांबवता म्हणालीस, "मला कुठं कुणी विचारलं? सांगितलं, पुढच्या गुरुवारी लग्न आहे." तू रागानं म्हणाली नव्हतीस. आप्पांसोबतचा संसार तू मनापासून केलास, हे मी रोज बघितलंय. पण ते वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. शनिवारी मला विचारलं गेलं आणि मला रडू आलं. तो घाबरला. त्याला वाटलं, मी नाही म्हणतेय.

आप्पा, तो आपल्यातला नाही, हे तुम्हाला लागेल. मला माहीत आहे. भाऊबंदकीत चार लोक बोलतील आणि ऐकून घ्यावं लागेल ते तुम्हाला, मी इथं लांब. म्हणूनच मी काही लपवत नाही. त्याचे वडील आंब्याची बाग बघतात, आई शिक्षिका होती. दोन वर्षांत त्यानं माझ्याशी आवाज चढवलेला मला आठवत नाही. गेल्या थंडीत मला न्यूमोनिया झाला होता. तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं, माफ करा. तेव्हा रोज डबा घेऊन यायचा आणि दारातूनच देऊन परत जायचा.

अंगठी मी घातलेली नाही. देवापुढे हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलीय. तुम्ही होकार दिलात तर दिवाळीत पद्मालयाला दोन्ही गणपतींसमोर, तुम्ही असताना घालायची, असं आम्ही ठरवलंय. नाही म्हणालात तर मी भांडेन, आप्पा, पण तुमच्याशी बोलणं सोडणार नाही.

येत्या रविवारी तुमच्याकडे रात्री आठ वाजता तो तुम्हाला फोन करेल. जे विचारायचं ते मोकळेपणानं विचारा. आजीला मी स्वतः सांगेन, ती पहिलं "कोना पोऱ्या शे?" हेच विचारणार.

मृगाचा पाऊस झाला का? कापूस लावला का, तेही कळवा. आप्पांच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
माई