ओळखीची खूण : उजव्या भुवईवर

महोदय,

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. यंत्रावर बोटांचे ठसे काही उमटेनात (भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत), तेव्हा तिथल्या मुलाने मोबाइल समोर धरून चेहऱ्यावर काम भागवले. मी सवयीने म्हटले, ‘‘उजव्या भुवईवर खूण आहे, बघून घ्या.’’ तो हसला. ‘‘काकू, आता ते कोण बघतंय?’’

मी बघत होते. ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत छत्तीस वर्षे काढली. नवा माणूस रुजू झाला की सेवापुस्तकाचे पहिले पान भरायचे : जन्मतारीख, उंची आणि ओळख पटण्यासाठी अंगावरची खूण. निवृत्त होताना पेन्शनच्या कागदांत तीच खूण पुन्हा. रकाना बोटभर. त्यात ‘हनुवटीवर जुन्या जखमेचा व्रण’ एवढेच मावायचे. हनुवटी कशी फुटली ते माणूस टेबलाशी उभ्याउभ्या सांगायचा, आणि ते कुठेच लिहिले जायचे नाही.

पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. तोवर वाडा, जव्हार, मुरबाड, शहापूर सगळीकडची माणसे आमच्याकडे. त्यांना विचारायच्या आधीच मी लिहायला घ्यायचे : डाव्या हाताची करंगळी. भातकापणीत मूठ डाव्या हातात, विळा उजव्या. आठ-नऊ वर्षांचे पोर मोठ्यांच्या बरोबरीने कापायला गेले की विळा सटकून लागतो तो डाव्याच हाताला. एकदा एका शिपायाची खूण उजव्या करंगळीवर निघाली. मी चक्रावले, तर म्हणाला, ‘‘मी डावरा आहे, बाई.’’ शहरातल्यांची टाच बघावी. कॅरियरवर बसून सायकलच्या आऱ्यांत गेलेली.

एक खूण मात्र चालायची नाही. हातावरचे देवी टोचल्याचे गोल वण. ते सगळ्यांनाच, मग ओळख कसली! भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५चा, १९८० साली ती जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. नव्वदचे दशक सरता सरता रुजू होणाऱ्या मुलांचे हात कोरे येऊ लागले. आता माझा हात दिसला की वय आपोआप कळते.

माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकात ‘उजव्या भुवईवर जखमेची खूण’ आहे. चौथ्या वर्षी उंबऱ्याला अडखळून पडले, तीन टाके पडले, असे लहानपणापासून ऐकलेले. ‘मुंगी मेली’ म्हणत आई त्या उंबऱ्याला चापट मारून दाखवायची. तिथे केस पुन्हा उगवले नाहीत. पार्लरमधली मुलगी दर वेळी पेन्सिलीने भरून देऊ का विचारते. नातू मात्र यंदा पैसे मोजून भुवईत तश्शीच फट पाडून आला!

दिवाळीत ताई आली होती. त्याची भुवई बघून हसता हसता थांबली आणि मला म्हणाली, ‘‘तुझी मी फोडली.’’ ती तेव्हा दहा वर्षांची. चरईतून भाड्याची छोटी सायकल घेऊन, मला कॅरियरवर बसवून मासुंदा तलावाला फेरी मारायला निघाली. वळताना तोल गेला आणि माझे कपाळ कठड्याच्या दगडावर. स्वतःच्या फ्रॉकच्या घेराने भुवई दाबून धरत तिने मला घरी आणले. आईने हळद भरली, टाके घालून आणले, आणि अण्णा कामावरून यायच्या आत उंबऱ्याची गोष्ट तयार ठेवली. नाहीतर ताईचे घराबाहेर पडणे बंद झाले असते. आई जाऊन अकरा वर्षे झाली. छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या खुणा लिहिणाऱ्या मला माझीच खूण ठाऊक नव्हती.

म्हणून सुचवावेसे वाटते, की आपल्या रविवार पुरवणीत वाचकांकडून लहानपणच्या खुणांच्या हकिगती मागवाव्यात. फोटो नकोत. पण ज्याची खूण त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबू नये. पडताना जे कोणी हजर होते, भाऊ, बहीण, शेजारची मावशी, त्यांनाही दोन ओळी लिहायला सांगाव्यात. आणि हे लवकर व्हावे, कारण ताई आता बहात्तरची आहे.

तिला मी विचारले, सायकलचे हँडल वाकले होते म्हणतेस, मग दुकानदाराचे पैसे आईने कुठून भरले? ते तिलाही माहीत नाही.

– एक निवृत्त कर्मचारी, नौपाडा, ठाणे