विषय: हिमगौरी नसलेला हिमगौरीचा सिनेमा आणि माझे ११९ रुपये

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,

तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलानं आत्ताच फोन ठेवला, म्हणून लेखी कळवते आहे.

'द हंट्समन: विंटर्स वॉर' हा २०१६ चा सिनेमा तुम्ही ॲपवर कसा विकता ते तुम्हाला माहीत आहेच. शोधताना 'स्नो व्हाईट', म्हणजे आपली हिमगौरी, टाकलं की हाच वर येतो, खाली ओळ असते: 'स्नो व्हाईटची गोष्ट पुढे सुरू'. २०१२ चा पहिला भाग आमच्या पोट्ट्यांना आवडला होता. दिवाळीच्या सुट्टीत घरची-शेजारची सगळी जमली, मी भाडं भरलं आणि सिनेमा लावला. इंग्रजी बोलणं वऱ्हाडीत सांगायचं काम माझ्याकडं.

बराच वेळ पहिल्या भागाच्याही आधीची गोष्ट चालली. मग एकदम सात वर्षं पुढं. पहिल्या भागात हिमगौरीनं जिला संपवलं ती राणी आरशातून परत हजर. तिला एक बर्फाची बहीण. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या गोष्टीत ही बाई नाहीच, ती अँडरसनच्या 'हिमराणी' या वेगळ्याच परीकथेवरून घेतलेली. बुटके सातांऐवजी चार. आणि हिमगौरी एका प्रसंगात, तीही पाठमोरी. पहिल्या भागात हिमगौरी झालेली क्रिस्टन स्टुअर्ट दुसऱ्या भागात घेतलेलीच नाही, हे तुमच्या वर्णन लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पोट्टे विचारत होते, "कधी येते वं आजी?" मी सांगत होते, "येईल बाप्पा, बसा." बर्फ मात्र झकास आहे. पहिल्या भागाचे व्हिज्युअल इफेक्ट्स सांभाळणाऱ्यालाच दुसऱ्याचं दिग्दर्शन दिलं, त्याचा तेवढा फायदा झाला.

आता तुमच्या मुलाचं ऐका. मी म्हटलं, यात हिमगौरी नाही, पैसे परत करा. तो म्हणाला, "मॅडम, है ना मूव्ही में. आपने मिस किया होगा." मी म्हटलं, मिस करायला ती दिसली तर पाहिजे. त्यानं होल्डवर टाकलं, ती तुमची पिपाणी मी ऐकत बसले. परत आला. "हां मॅडम, चेक किया. स्नो व्हाईट है. पीछे से है." मी विचारलं, पाठ दाखवायचं भाडं वेगळं असतं का? तो हसला नाही. गाव विचारलं. आर्णी तालुका म्हटल्यावर त्याला सगळा उलगडा झाला. "मॅडम, आपके एरिया में नेटवर्क वीक है. वो सीन लोड नहीं हुए होंगे."

म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या टॉवरमध्ये राणी मावली, चार बुटके मावले, बर्फाचा अख्खा महाल मावला. फक्त हिमगौरी अडकली! मी विचारलं, काऊन बाप्पा, नागपूरला गेलं की ती तोंड वळवते का? तर म्हणे, "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न, सर." सर! मघाशी मॅडम होते मी. आणि फोन ठेवताक्षणी मेसेज: आमच्या सेवेला १ ते ५ गुण द्या.

आमच्याकडं पाकिटावर एक वाण आणि शेतात दुसराच उगवला, तर पंचनामा होतो. तुमच्या पाकिटाचा पंचनामा कोण करणार? माझी तक्रार सिनेमा फसला एवढीच नाही, सिनेमे फसतात. हिमगौरीच्या नावावर पैसे घेऊन हिमगौरी दिली नाही, ही आहे.

११९ रुपये परत करा आणि ते वर्णन बदला. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवीन, आणि तरीही नाही ऐकलं तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो तिथंच दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. तेवढं नेटवर्क आमच्याकडं आहे.

वर्षभराचं पॅक मी नातवंडांसाठी घेतलं होतं. ते पुढं चालू ठेवायचं की नाही हे तुमच्या उत्तरावर ठरेल. उत्तर लेखी द्या, मराठीत द्या. फोन करू नका.

तुमची ग्राहक
(मोबाइल नंबर तुमच्याकडे नोंदलेला आहे)