रविवारची बैठक: विजया मेहता

मंडळी, रविवारी संध्याकाळी ५ ला नेहमीच्या हॉलवर भेटतोय, विषय नाट्यदिग्दर्शिका आणि अभिनेत्री विजयाबाई. १९६० मधली त्यांची नाट्यसंस्था रंगायन, मग दूरदर्शनवरचं स्मृतिचित्रे, नंतर पेस्तनजी हा सिनेमा, लाईफलाईन ही मालिका, सगळं दोन तासांत होणार नाही हे माहितीये, म्हणून भर बॅरिस्टरवर. जयवंत दळवींचं हे नाटक बाईंनी स्टेजवर केलं आणि मग त्यावरच रावसाहेब हा हिंदी सिनेमा, दोन्हीकडे मावशीच्या भूमिकेत त्या स्वतःच, सिनेमातल्या मावशीला तर नॅशनल अवॉर्ड! नाटकातला तोच वाडा कॅमेऱ्यासमोर कसा बदलतो ते बघू. सिनेमा आधी बघून या प्लीज, मागच्या वेळी अर्धे जण न बघताच आले होते 😄 नाटकाचं पुस्तक असेल तर आणा, चहा आहे, खायचं कोणीतरी बघा.